मोत्याचे दात

आमच्या पाचोडला रविवारी बाजार भरतो. छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाताना धुळे-सोलापूर महामार्गावर आडूळ मागे पडले, की काही वेळाने पैठण तालुक्यातील हे गाव लागते. आसमंतात मोसंबीच्या बागा आहेत, आणि पाऊस रुसला की त्या बागा जगवण्यासाठी टँकरची वाट पाहणारे शेतकरीही आहेत. माझ्या बालपणीचे पाचोड मात्र आजही डोळ्यांपुढे उभे राहते ते रविवारच्या बाजारातील जनावरांच्या हंबरण्यासह, उडत्या धुळीसह आणि त्या धुळीत पाठमोऱ्या उभ्या असलेल्या माझ्या वडिलांसह.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. बेताचीच शेती असलेला हा माणूस बाजारात मोठा मानला जाई, तो त्याच्या एका विद्येमुळे. अण्णांना दात वाचता येत. कुणाला बैल घ्यावयाचा असला की तो आदल्या दिवशीच आमच्या ओसरीवर येऊन बसे आणि म्हणे, "अण्णा, उद्या जरा संगं चला." अण्णा डाव्या हाताने बैलाची नाकपुडी धरत, उजव्या हाताच्या अंगठ्याने खालचा ओठ अलगद दुमडत, क्षणभर पाहत आणि हात सोडून देत. मालक "आत्ताच चारदाती झालाय" म्हणून शपथा घेत असला, तरी अण्णांच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे. बाजूला येऊन ते हळूच सांगत, "जुळून दोन वर्सं झाली. त्या भावाला घेऊ नको." मग रुमालाखाली बोटांचा सौदा होई आणि अण्णांनी सांगितलेल्या आकड्याच्या आसपासच तो मिटे.

ही विद्या त्यांनी मलाही शिकवली होती. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. खालचे आठ दात हेच काय ते त्याचे जन्मपत्र. दुधाचे दात असतात तोवर तो आदत. साधारण दोन-अडीच वर्षांचा होताना मधली जोडी पडून कायमची येते, तेव्हा तो दोनदाती. पुढे चारदाती, सहादाती, आणि चार-पाच वर्षांच्या सुमारास आठही दात आले की तो जुळला. त्यानंतर दात झिजू लागतात आणि त्या झिजेवरून जाणकार पुढचे वय ताडतात. शाळेत पाढे पाठ करावयाच्या वयात मी हे पाठ केले. पुढे शिक्षक झालो, तीस वर्षे मुलांना शिकवले, निवृत्त होऊन पुन्हा गावी आलो. पण बाजारातून जाताना माझे डोळे आजही जनावराच्या ओठाकडेच वळतात.

एका रविवारी संध्याकाळी अण्णा बाजारातून परतले ते एकटे नव्हते. त्यांच्या पावलांमागून धुळीने माखलेले एक गावठी पिल्लू चालत आले होते. आई दारात उभी होती. तिने विचारले, "अन् ह्याचे दात पाह्यले का?" अण्णा खळखळून हसले आणि म्हणाले, "धर्माची गाय, तिचे दात कशाला पाहायचे?" फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, हे आपल्याकडील जुने शहाणपण. त्या दिवसापासून पिल्लाचे नाव मोत्या पडले आणि तो घरचा झाला. अण्णांच्या त्या हसण्यात पुढील नऊ वर्षांची आमची चूक दडलेली होती, हे तेव्हा कुणाच्या ध्यानी आले नाही.

अण्णा गेले तेव्हा मोत्या पाच वर्षांचा होता. तीन दिवस तो त्यांच्या खाटेखालून हलला नाही. चौथ्या दिवशी आईने त्याला दूधभाकरी कुस्करून भरवली आणि तेव्हापासून तो तिचा झाला. आम्हीही त्याला काही कमी पडू दिले नाही. रविवारी घरात मटण शिजे, तेव्हा नळीचे मोठे हाड मोत्यासाठी राखून ठेवलेले असे. अंगणात पंजांनी ते धरून तो तासन्‌तास फोडीत बसे, आणि आम्ही कौतुकाने म्हणत असू, "बघा, हाडानं कसे दात साफ होतात!" आमच्या मायेचा हाच प्रकार त्याला भोवणार होता.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात मोत्याच्या तोंडाला वास येऊ लागला. कुत्र्याच्या तोंडाला वास यावयाचाच, असे म्हणून आम्ही त्याकडे दुर्लक्ष केले. पुढे तो एकाच बाजूने चावू लागला. भाकरीचा तुकडा तोंडात घेई, खाली टाकी, पुन्हा उचली. नातवंडे सुटीला आली तेव्हा त्यांनी नाके मुरडली, म्हणून मुलाने त्याला गाडीत घालून शहरातील एका दुकानात नेले. तेथे कुत्र्यांना न्हाऊ घालतात, त्यांचे केस कापतात. "दातही साफ करून देतो" असे त्या लोकांनी सांगितले. दोघांनी मोत्याला दाबून धरले, तिसऱ्याने लोखंडी आकड्याने त्याच्या दातांवरचा पिवळा थर खरवडून काढला. मोत्या केकाटला, हिरड्यांतून रक्त आले. परंतु पंधरा मिनिटांत दात पांढरेशुभ्र दिसू लागले. आम्ही समाधानाने घरी परतलो. वासही काही दिवस कमी झाल्यासारखा वाटला.

दोन महिन्यांनी मोत्याच्या उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी गाठ आली. आम्हाला वाटले, काटा लागला असेल, गांधीलमाशी चावली असेल. आईने हळदीचा लेप लावला. गाठ फुटली, पू वाहिला, बरी झाल्यासारखी दिसली आणि पंधरा दिवसांत पुन्हा वर आली. गुरांना तपासावयास आलेल्या एका डॉक्टरांना मी ती सहज दाखवली. त्यांनी गाठीकडे पाहिले, मग मोत्याचा ओठ वर उचलून आत पाहिले आणि म्हणाले, "सर, हे दुखणं डोळ्याचं नाही, दाढेचं आहे. शहरात न्या. याला पूर्ण भूल द्यावी लागेल."

घरात वाद झाला. मुलाने फोनवरून खर्चाची चौकशी केली. त्या पैशांत एक चांगली शेळी आली असती. पाऊस लांबलेला, मोसंबीला पाणी विकत घ्यावयाचे, आणि कुत्र्याच्या दातांवर इतका पैसा? माझाही आडमुठेपणा होताच. मी म्हणालो, "त्याचं आता वय झालं. भूल सोसेल की नाही, कुणास ठाऊक. आणि तो खातोय तर खरा. दुखत असतं तर खाल्लं असतं का?"

आई भिंतीला टेकून बसली होती. ती शांतपणे म्हणाली, "खातो म्हणून दुखत न्हाई व्हय? भूक लागली की दुखऱ्या दातानंबी खावं लागतं, बाबा. मी न्हाई खात?"

मी ते वाक्य ऐकले. पण त्यातील अर्धेच ऐकले. दुसऱ्या दिवशी मोत्याला घेऊन शहराकडे निघालो.

दवाखान्यातील डॉक्टर तरुण मुलगी होती. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. मी पाचोडचा आहे हे कळताच ती हसली आणि म्हणाली, "काका, तुमच्याकडे बैलाचं तोंड उघडल्याशिवाय कुणी पैसा काढत नाही. मग याचं तोंड आजवर कितीदा उघडून पाहिलंत?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्या माणसाचे वडील अर्ध्या तालुक्याच्या बैलांचे दात वाचीत, त्याने आपल्या दारातल्या कुत्र्याच्या तोंडात नऊ वर्षांत एकदाही डोकावून पाहिले नव्हते.

तिने मला जे समजावून सांगितले, ते येथे सविस्तर लिहितो. कारण आपल्यापैकी पुष्कळ घरांत कुत्री-मांजरे आहेत आणि माझे अज्ञान हे काही माझ्या एकट्याचे नसावे. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात, पिल्लाला दुधाचे २८. मांजराला ३०, आणि तिच्या पिलाला २६. जेवणानंतर काही तासांतच दातांवर जिवाणूंचा मऊ, चिकट थर साचू लागतो. तो पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षार मिसळून दोन-तीन दिवसांत तो कठीण होऊ लागतो. हेच ते पिवळे-तपकिरी कीटण. प्रथम हिरड्या लाल होतात, सुजतात. या अवस्थेत दात स्वच्छ केले तर हिरडी पूर्ववत होते. पुढे मात्र रोग हिरडीखाली उतरतो, दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड झिजवू लागतो, आणि ते झिजलेले हाड पुन्हा मिळत नाही. वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंतच पुष्कळशा कुत्र्यामांजरांत या रोगाची काही ना काही लक्षणे दिसू लागतात. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत तर दातांची दाटी असते, दुधाचे सुळे कधीकधी पडतच नाहीत आणि दोन दात एकमेकांना चिकटून उभे राहतात. तेथे कीटण फार लवकर साचते.

"पण याचे दात तर आम्ही साफ करून घेतले होते," मी म्हणालो.

"दिसत होते तेवढे," ती म्हणाली. "दाताचा अर्ध्याहून अधिक भाग हिरडीखाली असतो, काका. रोग तिथं राहतो. जागेपणी कुठलंही जनावर हिरडीखाली हत्यार घालू देणार नाही. वरचं खरवडलं की मालकाला वाटतं, झालं काम. आणि आतलं दुखणं तसंच वाढत राहतं."

पुढे मी याविषयी वाचले, तेव्हा कळले की लहान प्राण्यांच्या पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही, भूल न देता दात खरवडण्याच्या प्रकाराला स्पष्ट विरोध केलेला आहे. आपल्या देशात १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा आहे. जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच असावा, हे त्याचे सूत्र. हे सारे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही पांढरा रंग पाहिला आणि भुललो. बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगे घासूनपुसून रंगवून आणतात, तेव्हा त्याला अण्णा कधी फसले नाहीत. मी मात्र सहज फसलो.

भुलेविषयीची भीती मी डॉक्टरांजवळ बोलून दाखवली. तिने ती हसण्यावारी नेली नाही. वय हा काही रोग नव्हे, परंतु म्हाताऱ्या देहात रोग लपलेला असू शकतो, म्हणून आधी मोत्याचे रक्त तपासले. मूत्रपिंड आणि यकृत नीट काम करतात ना, हे पाहिले. छातीला नळी लावून हृदय ऐकले. धोका अगदी नाही असे ती म्हणाली नाही. धोका किती आणि तो कमी कसा करता येईल, हे तिने सांगितले आणि संमतीच्या कागदावर माझी सही घेतली.

ठरलेल्या दिवशी मोत्याला उपाशीपोटी नेले. त्याच्या पुढच्या पायाच्या शिरेत सुई बसवली, औषध गेले आणि क्षणात माझ्या हातावर त्याचे डोके जड झाले. श्वासनलिकेत नळी घालून तिचा फुगा फुगवला, म्हणजे दात धुतानाचे पाणी आणि घाण फुप्फुसांत जाऊ नये. त्या नळीतूनच प्राणवायू आणि भुलीचा वायू त्याला मिळत राहिला. अंगाखाली ऊबदार पांघरूण होते. एक मदतनीस केवळ त्याच्या हृदयाचे ठोके, श्वास आणि रक्तातील प्राणवायू यांवर लक्ष ठेवून होता. मी काचेपलीकडे उभा होतो. मुलाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात असाच उभा होतो, याची आठवण झाली.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी मला आत बोलावले. टेबलावर एक तक्ता होता; त्यात कुत्र्याचे ४२ दात काढलेले होते आणि प्रत्येक दातापुढे काही ना काही लिहिलेले होते. तिच्या हाती मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई होती. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती अलगद घालून खोली मोजावयाची. कुत्र्यात ही खोली ३ मिलिमीटरपर्यंत असली तर चालते, मांजरात मात्र १ मिलिमीटरच्या आतच असावी लागते. मोत्याच्या एका सुळ्यामागे ती सळई ६ मिलिमीटर आत गेली. मग तिने क्ष-किरण चित्र दाखवले. वरच्या जबड्यातील उजव्या बाजूची सर्वांत मोठी दाढ, जिने कुत्रा मांस आणि हाड कातरतो, तिचा बाहेरचा पापुद्रा फळीसारखा तुटून गेलेला होता आणि मुळांच्या टोकांशी काळ्या सावल्या होत्या. त्या सावल्या म्हणजे पू. या दाढेची मुळे डोळ्याच्या खालीच येतात, म्हणून तिचे गळू डोळ्याखाली फुटते.

"असा पापुद्रा कशानं तुटतो?" मी विचारले.

"बहुतेक वेळा हाडानं," ती म्हणाली. "कठीण हाड, शिंग, खूर, दगड. अंगठ्याचं नख दाबून ज्यात रुतत नाही, ती वस्तू कुत्र्याला चघळायला देऊ नये, एवढं लक्षात ठेवा."

मला आमच्या अंगणातील रविवारची दुपार आठवली. नळीचे हाड आठवले. आमचे कौतुकाचे बोल आठवले. मी काही बोललो नाही.

पुढे दीड तास काम चालले. सूक्ष्म कंपनांनी कीटण फोडणाऱ्या, पाणी उडवणाऱ्या यंत्राने वरचे थर निघाले. हिरडीखालचा भाग हाताच्या बारीक हत्यारांनी खरवडला. त्यानंतर प्रत्येक दाताला झिलई दिली. ती शोभेसाठी नसते. खरवडताना दातावर अतिसूक्ष्म ओरखडे उठतात आणि ते तसेच राहिले तर नवे कीटण त्यांत अधिक लवकर धरते. तुटलेली दाढ वाचवण्यासाठी मुळांच्या पोकळीत औषध भरण्याचे उपचारही असतात, हे तिने सांगितले. परंतु मोत्याच्या दाढेभोवतीचे हाड फार खराब झाले होते. त्या जागी इंजेक्शन देऊन तिने नस बधिर केली, तीन मुळांच्या त्या दाढेचे यंत्राने तीन तुकडे केले आणि एकेक मूळ सावकाश सोडवून काढले. आणखी दोन हलणारे दात काढावे लागले. विरघळणाऱ्या धाग्याने हिरडी शिवली. ४२ पैकी ३९ उरले. काढलेली दाढ तिने माझ्या तळहातावर ठेवली. बाहेरून ती खडूसारखी पांढरी होती, अगदी दुकानात खरवडून दिली तशीच. मुळांकडून काळी पडलेली होती.

मोत्या संध्याकाळी उठला, दोन दिवस भुलीच्या गुंगीत आणि औषधांच्या ग्लानीत राहिला आणि तिसऱ्या दिवशी पहाटे अंगणात कोंबड्यामागे धावला. गेली दोन वर्षे तो धावत नव्हता. आम्ही समजत होतो की तो म्हातारा झाला. तो दुखण्याने थकला होता.

दहा-बारा दिवसांनी टाके दाखवावयास गेलो तेव्हा घरची मनी मांजर टोपलीत घालून बरोबर नेली. तिच्या एका दाढेशी हिरडी लाल गुंजेसारखी वर चढलेली होती. तेथे स्पर्श होताच तिचा जबडा थरथरला. मांजरांत एक वेगळाच रोग आढळतो: शरीरातील पेशीच दाताला कुरतडून खातात. त्याचे कारण अजून पूर्णपणे उलगडलेले नाही. तो अतिशय दुखतो आणि असा दात बहुधा काढावाच लागतो. मनी वाटीपाशी जाई, गुरगुरे आणि परत फिरे. आम्ही तिला नखरेल म्हणत असू.

मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते १८८६ साली. आमच्या मराठवाड्यात परभणीला ते १९७२ मध्ये आले. शेतीवर जगणाऱ्या देशात या विद्येचे लक्ष आधी बैल, गाय आणि म्हैस यांच्याकडे जावे, हे स्वाभाविकच होते. कुत्र्यामांजरांच्या दातांचा स्वतंत्र अभ्यास जगातही तसा अलीकडचाच. अमेरिकेत पशुदंतवैद्यकांचे महाविद्यालय म्हणून ओळखली जाणारी तज्ज्ञांची संस्था १९८८ साली स्थापन झाली. म्हणजे अण्णा बाजारात दात वाचीत होते, तेव्हा ही विद्याशाखा नुकतीच बाळसे धरीत होती. त्यांच्या काळी मोत्यासाठी कुणी काही करू शकले नसते. आज ते करता येते, आणि म्हणूनच न करण्याचा दोष आता आपल्याकडे येतो.

घरी करावयाच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. आठवड्यातून एकदा ओठ वर करून पाहावे. हिरडी फिकट गुलाबी असावी. लाल रेघ, सूज, रक्त, तुटलेला दात किंवा दुर्गंधी दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू रोज घासावी. सुरुवातीस बोटाला ओले फडके गुंडाळून एक-दोन दातच पुसावे, खाऊ द्यावा आणि थांबावे. पंधरा दिवसांत जनावर स्वतःहून तोंड पुढे करते. आपली टूथपेस्ट मात्र त्यांना कधीही लावू नये. कुत्रा-मांजर चूळ भरीत नाही, ते सारे गिळते. तिच्यातील फेस आणि फ्लोराइड पोटास बाधते, आणि काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल तर कुत्र्याला विषासमान आहे. त्यांच्यासाठी वेगळी पेस्ट मिळते. ती नसली तर नुसते पाणी पुरे. हिरड्या दुखत असताना मात्र घासू नये. आधी उपचार, मग ब्रश.

खर्चाचा प्रश्न उरतोच, आणि तो खोटा नाही. आपल्या गावात अशी माणसे आहेत, की ज्यांनी दुखरा दात लवंगेच्या बोळ्यावर काढला आणि शेवटी सांडशीने उपटून घेतला. त्यांच्यासमोर मी कुत्र्याच्या दाढेची कहाणी कोणत्या तोंडाने सांगू? यावर मी पुष्कळ विचार केला. ज्यांना हा खर्च परवडत नाही त्यांच्यावर दोष ठेवण्याचा अधिकार मला नाही. परंतु रोजच्या ब्रशाला पैसा लागत नाही. हाड न देण्यालाही लागत नाही. वेळेवर ओठ उचलून पाहिला असता, तर मलाही शेळीची किंमत मोजावी लागली नसती. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. पण न पाहिलेल्या दाताने खिसा रिकामा होतो, हे मी अनुभवाने सांगतो.

आणि आता जे सांगावयाचे आहे, ते सांगताना लाज वाटते. मोत्याची दाढ मी कागदात गुंडाळून घरी आणली होती. आईने ती हातात घेतली, उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिली आणि नकळत तिचा दुसरा हात स्वतःच्या गालावर गेला. तेव्हा कुठे मला तिचे ते वाक्य पुरते ऐकू आले: "मी न्हाई खात?"

मी म्हणालो, "आई, तोंड उघड."

"काहीतरीच. माझं काय आता?"

"उघड म्हणतो ना."

तिने संकोचाने तोंड उघडले. खिडकीशी नेऊन मी पाहिले. खालच्या जबड्यात दोन दाढांची नुसती मुळे उरली होती, त्यांच्याभोवती हिरडी सुजून जांभळी झालेली होती. "किती दिवस?" मी विचारले. ती म्हणाली, "अण्णा होते तवापासनं." म्हणजे चार वर्षांहून अधिक. चार वर्षे ती आमच्या ताटांत कडक भाकरी वाढीत होती आणि स्वतःची पाण्यात भिजवून खात होती. आणि आम्ही म्हणत असू, आईला मऊच आवडते.

पुढच्याच आठवड्यात मी तिला शहरात दंतवैद्याकडे नेले. मुळे काढली, जखमा भरल्या, काही महिन्यांनी कवळी बसली. प्रथम ती कवळी काढून पदरात बांधून ठेवी. आता घालते. परवा तिने भाजलेले शेंगदाणे मागितले.

वाचकहो, अण्णांच्या विद्येला मी कमी लेखत नाही. त्यांनी कित्येक गरिबांचे पैसे वाचवले. पण बाजारात जनावराचे तोंड उघडतात ते त्याचा भाव ठरवण्यासाठी. पाहणाऱ्याला स्वतःसाठी काही जाणून घ्यावयाचे असते. त्या प्राण्याला काय होते आहे, हे त्याच्यासाठी जाणून घेण्याकरिता तोंड उघडावे, ही रीत आम्ही आमच्या घरात फार उशिरा शिकलो. जनावर सांगत नाही. आयाही सांगत नाहीत.

आता रोज रात्री जेवणे झाली की मी ओसरीवर ब्रश घेऊन बसतो. मोत्या येतो, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकतो. उजवीकडच्या त्या मोकळ्या जागेशी आलो की मी हात हलका करतो. आई शेजारी वाटीत कवळी धूत असते. कधीतरी ती मोत्याकडे पाहून म्हणते, "ह्याचे दात पाह्यले का?" मी म्हणतो, "पाहिले, आई." मग ती दिवा मालवते.